तुमच्या नावातलं भोक

निलेशचे बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. पस्तीस वर्षं एका घरात राहिलो, पत्राची गरज कधी पडली? तुम्ही समोर असायचात, मी बोलत राहायचे आणि तुम्ही जाळं शिवता शिवता 'हूं' म्हणायचात. आता तेवढंही म्हणणार नाही, तरी लिहिते. निलेश आज सकाळच्या भरतीला बोट घेऊन बाहेर गेला, आणि माझं चित्त थाऱ्यावर नाही.

दहाच्या सुमाराला त्याचा फोन आला. "आई, सगळं सुकं हाय," एवढं म्हणाला आणि रेंज गेली. आता चार-पाच दिवस काही कळायचं नाही. मी मालाडच्या बाजारात गेले नाही आज. टोपली तशीच उपडी पडलीय. आरती, म्हणजे आपली सून, कामाला गेली, पण चपला घालून दारातच थांबली आणि मला म्हणाली, "आई, आता नाही ना भरणार पाणी?" मी म्हटलं, "नाही गं, जा तू." ती गेली आणि मी निलेशच्या शाळेची एक जुनी वही शोधून काढली.

काल मी दोन गोष्टी केल्या. एक अख्ख्या मनोरी गावाने पाहिली. दुसरी कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नाही. ती तुम्हाला सांगायची आहे. तुम्ही ओरडणार नाही, तुमच्या जाण्याचा तेवढाच काय तो फायदा!

पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, हिचं नेहमीसारखं शेपटाकडून सुरू झालं.

तुम्ही मार्गशीर्षात गेलात. पावसाळ्यात बोट वर ओढली तेव्हा निलेशने ती नव्याने रंगवून घेतली. पुढे देवीचं नाव होतं तसंच ठेवलं. मागे, इंजिनाच्या बाजूला, तुमचं नाव घातलं. वीतभर उंचीची अक्षरं, पिवळ्यावर लाल! रंगारी वसईचा होता, दोन दिवस खपत होता. निलेश मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेला आणि म्हणाला, "वाच ना आई." आता मी काय वाचणार? तुमचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं आणि नंतर एकदा रेशनच्या ऑफिसात, तो साहेब ऐकेचना म्हणून. मी म्हटलं, "वाचलं मनात. छान आहे." तो हसला. पण त्याचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं.

आणि त्याच वेळी त्याने तो ऑटोमॅटिक पंप बसवला. तुम्ही असताना हा विषय निघाला की घरात महाभारत व्हायचं, आठवतं? तो म्हणायचा, बाबा, जग कुठे गेलं, तुम्ही अजून बादलीने पाणी उपसता! तुम्ही म्हणायचात, उपसलं म्हणजे कळतं किती आलं. बोटीच्या तळात पाणी साचलं की पंप आपोआप सुरू होतो, पाइपातून बाहेर फेकतो आणि आपोआप बंद होतो. कुणाला बघायला नको, वाकायला नको. मला तर तेव्हा बरंच वाटलं होतं. पोराची कंबर वाचेल, असं वाटलं. माझीच अक्कल!

नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा झाली, नारळ वाहिला, दोन दिवसांनी बोट बाहेर पडली. आणि दुसऱ्याच दिवशी परत! इंजिनाच्या खणात गुडघाभर पाणी. बॅटरी बुडाली, पंप बंद पडला, चार माणसांनी बादल्यांनी उपसत उपसत बोट आणली. निलेशचे हात सोलले होते. मी हळद लावत होते आणि तो म्हणत होता, "काय नाय गं, सुकलेलं लाकूड हाय, पहिलं पाणी पिणारच." बंदरावरही सगळे तेच म्हणाले. पावसाळाभर बोट सुकली की फळ्या आकसतात, पाण्यात गेली की फुगून बसतात, हे मलाही माहीत आहे हो. पण गुडघाभर?

तुमचा दोस्त गणूसुतार आला. चिखलात आडवा होऊन त्याने फळी न् फळी ठोकून बघितली, फटींतला जुना कापूस काढून नवा भरला. मग बोट दोन दिवस खाडीत रिकामी उभी ठेवली. एक थेंब आला नाही. सगळे खूश. बर्फ भरला, डिझेल भरलं, जाळी चढवली, निघाले. सहा तासांत परत. पुन्हा पाणी!

त्या रात्री मी त्याला सांगितलं की बोट विकून टाक. आरतीचा भाऊ बोरिवलीला एका कंपनीत आहे, तिथे ड्रायव्हर पाहिजे. मी त्या भावाशी परस्पर बोलूनही ठेवलं होतं, ते मात्र निलेशला सांगितलं नाही. हो, ठेवलं होतं. निलेश जेवता जेवता थांबला. "बाबा असते तर असं बोलली असतीस?" एवढंच म्हणाला. पुढे दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, पुन्हा बर्फ मागवून मोकळा झाला. म्हणे, थोडं पाणी येतच असतं, पंप आहे ना.

तुमच्यासारखाच आहे! हट्टाला पेटला की कान बंद.

मला तुमची फार आठवण आली तेव्हा. रडू येतं तशी नाही, राग येतो तशी. बोट गळायला लागली की तुम्ही काय करायचात? आधी माझं एखादं मऊ झालेलं लुगडं न विचारता न्यायचात आणि तळ पुसून कोरडा करायचात. मग माझ्या डब्यातलं तांदळाचं पीठ न्यायचात. भाकरीचं पीठ! ते फळ्यांच्या सांध्यांवर भुरभुरवायचात आणि टॉर्च घेऊन पोटावर पडून राहायचात. पाणी कितीही बारीक येवो, जिथे पीठ आधी ओलं होईल तिथून ते येतंय. आणि बोट बोलायची की नाही माहीत नाही, पण तुम्ही तिथे तासन् तास गप्प पडायचात, घरी तर दोन मिनिटं बसवत नसे.

आणि पाणी चाखायचात. शी! मी किती वेळा म्हटलं, अहो थुंका ते. तुम्ही म्हणायचात, बर्फाचं पाणी गोडं लागतं, इंजिनाचं तेलकट लागतं, दर्याचं खारं. जीभ खोटं बोलत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. निलेशलाही ठाऊक असायला हवं होतं, पण तुम्ही त्याला कधी जवळ बसवून दाखवलंत का? तो विचारायचा तर म्हणायचात, बघ आणि शीक. आणि तो बघायला आला की म्हणायचात, उजेड अडवू नको. हे माझ्या मनात राहिलंय, आज बोलून टाकते.

तर काल सकाळी मी एक किलो पीठ, एक जुनं लुगडं आणि टॉर्च पिशवीत घातलं आणि जेट्टीवर गेले. बोट भरून तयार होती, खाडीत नांगरलेली. मी निलेशला म्हटलं, मला बोटीवर ने. तो बघतच राहिला. तुमची आई म्हणायची ना, भरलेल्या बोटीवर बाईने पाय ठेवू नये. मी पस्तीस वर्षं ते पाळलं. नव्या बोटीची पूजासुद्धा मी जेट्टीवरून पाहिली. खलाशी एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, "रिकाम्या बोटीत पाणी येत नाही, भरलेल्या बोटीत येतं. मग भरलेलीच बघायला पाहिजे ना? मी येते नाहीतर तू पण जाऊ नकोस." कमरेवर हात ठेवून उभी राहिले. माझा तो अवतार तुम्ही पाहिलाय. त्याने छोटी होडी पुढे आणली.

इंजिनाच्या खणात उतरले तेव्हा पहिल्यांदा कळलं, तुम्ही आयुष्य कुठल्या वासात काढलंत. डिझेल, कुजका कापूस, जुनी मासळी. मी लुगडं घेऊन तळ पुसला, सांध्यांवर पीठ टाकलं, टॉर्च लावला आणि बसले. पोटावर नाही पडवलं, वय झालं. निलेश आणि खलाशी वर थांबले. गणूसुतारालाही बोलावलं होतं, तोही वरच बसला.

पीठ कोरडंच राहिलं. अर्धा तास, पाऊण तास. फक्त पंप बसवलाय त्या खळग्यात पाणी चढत होतं. चढलं की पंप सुरू व्हायचा, घर्र करून पाणी फेकायचा, बंद व्हायचा. आणि थोड्या वेळाने पुन्हा. मी म्हटलं, अरे, चारी बाजूंचं पीठ कोरडं आणि मधे पाणी? हे काय वरून पडतंय?

मग मी त्या खळग्यात हात घातला. पंप बंद झाल्यावर हात तसाच पंपाला लावून ठेवला. आणि बोटांना पाणी लागलं, थंड, आत येणारं. पंपातूनच! चाखलं. नुसतं खारं. तेलाची चव नाही, वास नाही. ताजं दर्याचं पाणी.

काय होत होतं कळलं का? तुम्हाला केव्हाच कळलं असेल. पंपाच्या पाइपाचं बाहेरचं तोंड खाली होतं. रिकामी बोट वर तरंगायची तेव्हा ते पाण्याच्या वर असायचं. बर्फ, डिझेल, जाळी भरली की बोट वजनाने खाली बसायची आणि ते तोंड पाण्याखाली जायचं. पंप पाणी फेकायचा आणि थांबला की दर्या त्याच पाइपातून आत यायचा. असं दिवसभर. बॅटरी उतरली की पंप गप्प, आणि दर्या काही गप्प बसत नाही.

आता ती दुसरी गोष्ट.

मी ओरडले नाही. हाक मारली नाही. टॉर्च बंद केला आणि तशीच बसून राहिले. माझ्या मनात आलं की हे मला कळलंय, दुसऱ्या कुणाला नाही. मी वर जाऊन सांगितलं की काहीच सापडलं नाही, तर? बोट खराब आहे, तिचं लाकूड गेलंय, असं सगळे म्हणतील. गणूसुतारही म्हणेल, तोही थकलाय. आजची फेरी मी रडून-ओरडून थांबवेनच. मग बोट विकावी लागेल. निलेश बोरिवलीला जाईल, संध्याकाळी घरी येईल, आरती त्याला वाढेल. मला कधी जेट्टीवर उभं राहावं लागणार नाही. तुमच्यासाठी किती उभी राहिले मी! वादळाची बातमी आली की लेकराला काखेत घेऊन उभी राहायचे, आणि तुम्ही उतरल्यावर विचारायचात, चहा आहे का.

पंप दोनदा सुरू झाला आणि दोनदा बंद झाला, एवढा वेळ मी गप्प होते. माझ्या पोटच्या पोराची बोट भरत होती, का भरते ते मला ठाऊक होतं, आणि मी गप्प होते. मला माझीच भीती वाटली हो.

वर एक खलाशी निलेशला काहीतरी विचारत होता. जायचं की नाही, असंच असणार. निलेशचा आवाज ऐकू आला, अगदी हळू. "आई बसलीय ना खाली. सापडेल."

दोन दिवस माझ्याशी धड न बोललेलं पोरगं ते. मी हाक मारली.

गणूसुतार खाली आला, त्याने पंपाला हात लावला, जीभ लावली आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, वहिनी, कुंपणानेच शेत खाल्लं. मग तो निलेशकडे वळला आणि विचारलं, "रंग लागायच्या आधी मी खडूने खूण केली होती ती वर. भोक खाली कसं आलं?"

निलेशने मान खाली घातली. म्हणाला, "वर बाबांचं नाव होतं."

खडूची खूण होती नेमकी तिथेच रंगाऱ्याने तुमचं नाव काढलं होतं. इंजिनाचं काळं पाणी तुमच्या नावावरून गळेल म्हणून या शहाण्याने पाइप हातभर खाली घेतला आणि कुणाला सांगितलंही नाही. आता याला काय म्हणायचं? रागवायचं की जवळ घ्यायचं? मी दोन्ही केलं. आधी पाठीत एक धपाटा घातला.

पण पुढचं अवघडच होतं, नवं भोक पाडायचं कुठे? दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर सोडायचा पाइप, पुढे बर्फाचा खण. पाणी परत येऊ न देणारी झडप मिळते म्हणाला गणूसुतार, तीही बसवू, पण कचरा अडकला की ती उघडी राहते. भोक वरच पाहिजे, आणि वर जागा तेवढीच. निलेश म्हणाला, मग नाव दुसरीकडे काढू, रंगाऱ्याला बोलावू. रंगारी गावाला गेलेला, बर्फ वितळत होता, आणि निलेश काही थांबणार नव्हता. तो जाणारच, हे मला कळून चुकलं होतं. जाणारच तर नीट जाऊ दे.

दुपारच्या ओहोटीला बोट चिखलात बसली. गणूसुताराने आधी खालचं भोक लाकडाने बुजवून पक्कं केलं. मग वर मापाने पुन्हा खडूची खूण केली, ड्रिल काढलं, निलेशच्या हातात दिलं. त्याने परत केलं. "मी नाय मारणार बाबांच्या नावावर." गणूसुताराने खुणेकडे बघितलं, तुमचं नाव वाचलं आणि तोही थांबला. चाळीस वर्षांचा दोस्त तुमचा. म्हणाला, वहिनी, मला नाही होणार.

दोन बाप्ये, आणि दोघे रडवेले! तुम्ही असतात तर दोन मिनिटांत उरकलं असतंत. टॉर्च टांगायला तुम्ही तुमच्या आईच्या फोटोशेजारी खिळा ठोकलात आणि तो फ्रेममध्ये घुसला, तरी तुमच्या कपाळावर आठी नव्हती. तुम्हाला नावाचं काय!

मी घेतलं ड्रिल. आतापर्यंत जेट्टीवर निम्मी मनोरी जमली होती. चिखलात गुडघाभर रुतून उभी राहिले, डाव्या हाताने तुमची अक्षरं चाचपली. तिसऱ्या अक्षराच्या मधोमध खूण होती. दाबलं. लाल रंग उडाला, मग पिवळा, मग आतलं लाकूड आलं. मी रडले. सगळ्यांसमोर, मोठ्याने. हात नाही थांबवला पण. आरपार गेल्यावर निलेशने माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि माझे हात खाडीच्या पाण्याने धुतले.

संध्याकाळी बोट परत तरंगली. मी पुन्हा खाली जाऊन बसले, नवं पीठ टाकून. निलेश या वेळी माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला उजेड अडवू नको म्हटलं नाही. पीठ कोरडं राहिलं. खळगा कोरडा राहिला. तरी मी उठेना. हे एकच भोक होतं कशावरून? आणखी कुठे असलं तर? तो म्हणाला, "आई, बस झालं." मी म्हटलं, अजून जरा.

आज सकाळी ते निघाले. मी जेट्टीच्या टोकाला होते. खाडीच्या तोंडाशी बोट वळली तेव्हा मागची बाजू दिसली. एवढ्या लांबून नाव वाचता येत नव्हतं. पण बघता बघता त्यातून काळ्या पाण्याची धार पडली. बोट धुतल्यावर तळात राहिलेलं असेल, इंजिनाचं असेल, मी स्वतःला सांगितलं. थोडं असतंच. धार थांबली आणि बोट दिसेनाशी झाली.

आता दुपार झालीय. मी फोन तीन वेळा हातात घेऊन ठेवला. वारा वाढल्यासारखा वाटतोय, तुम्हाला वाटतोय का? मला उगाच वाटतंय बहुतेक.

तुम्हाला एक वचन देते. ते जे दोन पंपांएवढं गप्प बसले, ते मी निलेशला सांगणार आहे. सगळं, बोरिवलीच्या नोकरीसकट. आज सकाळी सांगायला तोंड उघडलं होतं, पण दर्यावर निघालेल्या माणसाच्या डोक्यात असलं काही घालू नये म्हणून मिटलं. तो शुक्रवारी येईल. चहा देईन, समोर बसवीन आणि त्याच्या तोंडाकडे बघून सांगेन. मग तो रागावू दे, महिनाभर न बोलू दे, मला चालेल. पण ते ऐकायला त्याला घरी यावं लागेल, एवढं तुम्ही बघा.

निलेशची आई